पिच्चर कसा शे?

जळगाव-धुळ्याकडे नव्या सिनेमाबद्दल कुणाला विचारलं, की हल्ली अहिराणीत दोनपैकी एक उत्तर मिळतं. 'टॉकीजमा देखाजोगा शे' (टॉकीजला बघण्यासारखा आहे), नाहीतर 'घरज देखी ले' (घरीच बघून घे). पहिल्यात घोडे, मारामारी, गर्दी आणि छातीत घुमणारा आवाज येतो. दुसऱ्यात साधी माणसं, साधी गोष्ट आणि 'त्यासाठी कोण तिकीट काढणार' हा सूर. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कुणी शंकाही घेत नाही. मी समीक्षक नाही. सवड मिळाली की टॉकीजला जाणारा, एरवी घरी टीव्हीवर आणि मोबाइलवर मिळेल ते बघणारा प्रेक्षक आहे. पण गेल्या काही वर्षांत पाहिलेले सिनेमे आठवून बघताना माझं मत या वाटणीच्या अगदी उलट झालं. दणदणाटी सिनेमा घरातही तग धरतो. टॉकीजची खरी गरज शांत सिनेमाला असते, आणि आपण नेमकं त्यालाच घरी बसवतो.

आधी आमच्या टॉकीजबद्दल. खान्देशात सिनेमाला जाणं हे शहरी हौसेपेक्षा बाजाराच्या दिवसाशी जास्त जोडलेलं होतं. कापूस विकायला, बियाणं घ्यायला, कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस परतीच्या एसटीला वेळ असला की जळगावात नटवर किंवा राजकमलला शिरायचा. भुसावळात तो पांडुरंगला जायचा, नाहीतर अमरदीपला. जळगावातला चित्रा चौक तर टॉकीजच्याच नावाने ओळखला जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारच्या खेळाला येणारे निम्मे लोक गारव्यासाठी येत, आणि पडद्यावर काय चाललंय हा प्रश्न दुय्यम असे. हा प्रेक्षक बेफिकीर होता, पण उदारही होता. आत आलाच आहे तर समोर येईल ते बघायचा, त्यामुळे न ठरवता बरंच काही बघून जायचा. जिथे खान्देश मिल होती तिथे आता मॉल आणि मल्टिप्लेक्स आहे. तिथे माणूस सिनेमा ठरवून, सीट निवडून, मोबाइलवर पैसे भरून जातो. सोय झाली, पण चुकून चांगला सिनेमा बघण्याची वाट बंद झाली.

'छावा'पासून सुरुवात करू, कारण २०२५च्या फेब्रुवारीत इथे दुसरं काही चाललंच नाही. संभाजी महाराजांवरचा लक्ष्मण उतेकरांचा हा हिंदी सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. गावागावांतून गाड्या भरून लोक आले, शेवटच्या भागात मोठी माणसं रडली, घोषणा झाल्या. विकी कौशलने अंग झोकून काम केलं आहे यात वाद नाही. पण माझं मन सुरुवातीलाच अडकलं. सिनेमा उघडतो बुऱ्हाणपूरच्या हल्ल्याने. हे बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी, आमच्या रावेरच्या अगदी शेजारचं. १६८१मध्ये मराठ्यांनी ते लुटलं ते तिथल्या पेठा धनाढ्य होत्या म्हणून. सिनेमात मात्र पेठ नाही, तापी नाही, व्यापारी नाही. आहे तो धुरळा, तलवारी आणि सिंह. खान्देशच्या जुन्या राजधानीवर चाल झालेली खान्देशी माणसाने बघितली आणि ती आपल्या उंबऱ्यावर घडली हे त्याला कळलंही नाही. 'बुधभूषण' लिहिणारा संस्कृतज्ञ राजा किंवा नऊ वर्षं राज्य चालवणारा कारभारी यांच्यासाठीही सिनेमाकडे फारसा वेळ नाही. पुढे तो मी घरी टीव्हीवर पुन्हा पाहिला. शेवटचा भाग तिथेही तितकाच चालला, आणि मधला भाग तिथेही तितकाच पोकळ वाटला. म्हणजे मोठ्या पडद्याने आवाज दिला होता. अर्थामध्ये भर घातली नव्हती.

'पुष्पा २'चंही तेच. तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा, आणि हिंदीत डब झालेल्या आवृत्तीने देशभर मूळ हिंदी सिनेमांनाही मागे टाकलं. अल्लू अर्जुनला हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा. तेलुगू नायक मराठी नटाच्या आवाजात हिंदी बोलतो आणि पारोळ्याचा पोरगा ते अहिराणीत दुसऱ्याला सांगतो. जत्रेतला साडी नेसलेला नाच सोडला तर यातलं काहीही मोबाइलवर कमी होत नाही. उलट मोबाइलवर तो तुकड्यातुकड्यांनीच बघितला जातो, आणि तो तसाच रचलेला आहे.

आता दुसऱ्या बाजूचे सिनेमे. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' मार्च २०२५मध्ये आला. चंद्रपूरकडचं गाव, कापसाचा शेतकरी, लग्नाची मुलगी, आणि एकामागून एक 'बघण्याचे कार्यक्रम'. पाहुणे येतात, सतरंजीवर बसतात, पोहे-चहा होतो, मुलीला स्टुलावर बसवून नाव, शिक्षण, उंची, छंद विचारतात, आणि रंगाबद्दल नंतर कुजबुजतात. मग दुसरे पाहुणे, तेच प्रश्न. कापसाचा भाव काय मिळाला यावर मुलीचं लग्न अडतं, हे जळगाव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. या सिनेमाची ताकद त्या पुनरावृत्तीत आहे. पहिल्या खेपेला हसू येतं, दुसऱ्या खेपेला ओळखीचं वाटतं, तिसऱ्या खेपेला बसवत नाही. टॉकीजमध्ये हे होतं, कारण तिथून उठता येत नाही. घरी तिसऱ्या खेपेला कुणीतरी रिमोट उचलून म्हणतं, 'हे झालं ना मघाशी, पुढे घे'. पुढे घेतलं की सिनेमा संपला. मग उरते फक्त गोष्ट, आणि गोष्ट तर सगळ्यांना आधीच माहीत असते.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'बाबत तर घरात गंमतच झाली. २०१५मध्ये आलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा सिनेमा आमच्याकडे बऱ्याच उशिरा टीव्हीवर लावला गेला. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा थोडा वेळ काळा राहतो. आतल्या खोलीतून आवाज आला, 'लाइट गेली का?' मागोमाग इन्व्हर्टर तपासायला एक जण उठला. ताम्हाणेंचा कॅमेरा लांब उभा राहून माणसांकडे बघत बसतो. कुठे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं. बत्तीस इंची टीव्हीवर, कुकरच्या शिट्ट्या आणि भाऊबंदांच्या फोनांमध्ये, ते ठरवणार कोण? दोष घरच्यांचा नाही. घर हे घर आहे, तिथे अंधार आणि गप्प बसणं मागून मिळत नाही. म्हणूनच हा सिनेमा टॉकीजचा आहे, त्यात एकही घोडा नसला तरी.

पण असे सिनेमे आमच्याकडे टॉकीजला येतात कसे? आले तर सकाळचा एखादा खेळ, तोही आठवडाभर. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये चांगली वेळ मिळावी म्हणून सरकारने २०१५मध्ये नियम केला. संध्याकाळी सहा ते नऊ म्हणता म्हणता तो दुपारी बारा ते रात्री नऊवर आला. पळवाट तिथेच निघाली. कामाच्या दिवशी दुपारी बाराला शांत मराठी सिनेमा लावायचा आणि कुणी आलं नाही म्हणून शुक्रवारी काढून टाकायचा.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट २०२३च्या दिवाळीतली. सुजय डहाकेंचा 'श्यामची आई' १० नोव्हेंबरला लागला. कृष्णधवल, ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत. हे गुरुजी म्हणजे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर. १९२४ ते १९३० ते तिथे शिकवत होते, आणि खान्देशात आजही त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोललं जातं. दोनच दिवसांनी सलमान खानचा 'टायगर ३' आला. मालेगावच्या एका टॉकीजमध्ये लोकांनी चालू खेळात, आत, फटाके फोडले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्या आवाजात श्यामची आई कुणाला ऐकू जाणार? पुढे २०२३चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अत्र्यांच्या १९५३च्या 'श्यामची आई'शी तुलना करून या सिनेमाला नावं ठेवणारे मला बरेच भेटले. त्यातल्या बहुतेकांनी नवा पाहिलेलाच नव्हता. मला तो काही ठिकाणी जास्तच देखणा वाटला, दारिद्र्यही नीटनेटकं दिसतं असा. पण ते मत देता यावं यासाठी तो आधी अंधारात बसून बघायला मिळायला हवा.

मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला, 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि रीमा कागतींनी त्यावरून 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. हा सिनेमा २८ फेब्रुवारी २०२५ला, 'छावा'नंतर बरोबर दोन आठवड्यांनी लागला आणि बुडाला. योगायोग असा की दोन्हीकडे विनीतकुमार सिंह. तिकडे कवी कलश, इकडे मालेगावचा लेखक फरोग. एकाच महिन्यात या नटाने दोन लिहिणारी माणसं उभी केली. इथल्या प्रेक्षकाने एक बघितला आणि दुसरा, जो शेजारचाच होता, महिन्या-दोन महिन्यांनी मोबाइलवर आला तेव्हा बघितला. सिनेमा मनापासून केलेला आहे. माझी तक्रार एकच, त्यातलं मालेगाव फार स्वच्छ हिंदी बोलतं. तिथली उर्दू मराठीत बुडवून काढलेली असते. नासिर शेख यांच्या मूळ सिनेमांत ती ओबडधोबड ऐकू येते आणि तिच्यावरच हशा पिकतो.

इथून मुद्दा बोलीकडे येतो. मराठी सिनेमातलं खेडं वर्षानुवर्षं कोल्हापूर-साताऱ्याचं होतं. नागराज मंजुळेंनी ते करमाळ्याला नेलं आणि 'सैराट'ची भाषा राज्याने उचलली. 'स्थळ'ने चंद्रपूर आणलं. २०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला, एक्क्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांच्या बळावर, मालवणी घेऊन. धुळ्यातल्या बायकांना त्यातली प्रत्येक ओळ कळली असं नाही, पण कुणाचं अडलंही नाही. म्हणजे बोली कळणार नाही हे निर्मात्यांचं कारण खोटं आहे. मालवणी धुळ्याला येऊ शकते, तर अहिराणी मालवणला का जाऊ नये? स्मिता पाटील शिरपूरच्या घराण्यातली, ना. धों. महानोरांची गाणी आमच्या अजिंठ्याच्या परिसरातून आलेली. पण 'जैत रे जैत'मध्ये हे दोघं एकत्र आले ते रायगडाकडच्या ठाकरांच्या गोष्टीसाठी. माणसं आमची, मुलूख दुसऱ्याचा, हे तेव्हापासून चाललं आहे.

त्या रिकाम्या जागेत मोबाइल शिरला. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवरून निघालं आणि राज्यभरच्या हळदींत वाजलं. ही गाणी नीट बघा. शेताचा बांध, मोटरसायकल, नऊवारी नाही तर गोल साडी, वरून ड्रोनचं एक दृश्य, बँडचा ठेका, आणि बोलायला न लाजणारी माणसं. खर्च कमी, पण चेहरे खरे. इथल्या कुठल्याही टॉकीजने गेल्या कित्येक वर्षांत इतकी ओळखीची माणसं दाखवली नाहीत. छोटू दादासारख्या विनोदी व्हिडिओंनी 'खान्देशी' हे नाव देशभर नेलं, हेही मान्य केलं पाहिजे.

मान्य करून पुढे बोललं पाहिजे. या व्हिडिओंतला विनोद बुटकेपणावर, जाडेपणावर, तोतरेपणावर येऊन थांबतो. गाण्यांतली पोर कायम झुमका घालून वाट बघते. ती कॉलेजला जाते, केळीच्या वखारीत काम करते, भावकीच्या वादात सही करायला नकार देते, असं कधी दिसत नाही. पाच मिनिटांत हसवायचं किंवा नाचवायचं असलं की माणसाचा एकच पैलू पुरतो. शिवाय खान्देश म्हणजे एकटी अहिराणी नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, जामनेरकडे तावडी, सातपुड्यात पावरी आणि भिली. त्यांना तर मोबाइलवरही फारशी जागा मिळालेली नाही.

अशी आजची स्थिती आहे. टॉकीजकडे आकार, अंधार आणि दोन तास गप्प बसणारा प्रेक्षक आहे, पण तिथे आमची माणसं नाहीत. मोबाइलवर आमची माणसं आणि आमची बोली आहे, पण तिथे दोन तास गप्प कुणी बसत नाही. दोन्हींची गाठ पडेल तो सिनेमा अजून व्हायचा आहे, आणि तो घोड्या-तलवारींचा असेल असं मला वाटत नाही. तो 'स्थळ'सारखा असेल, धीम्या चालीचा. तो आला तर टॉकीजवाल्याने त्याला सकाळचा खेळ देऊ नये, आणि आपणही 'घरी बघू' म्हणू नये. संध्याकाळच्या खेळाला पन्नास माणसं आली तरी तो दुसऱ्या आठवड्यात राहील, आणि 'छावा'ला गाड्या भरून येणाऱ्या मुलखाला पन्नास माणसं जड नाहीत.