त्रास कुठला आणि खेळ कुठला?



मागच्या वेळी आपण 'नियम' या कल्पनेबद्दल बोललो. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण एका साध्या, थेट खिशाशी संबंध असलेल्या प्रश्नातून. प्रश्न माझ्या नातवाचा. तो म्हणाला, "आजोबा, वाढदिवसाला आमच्या खेळाच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भराल का? पण आधी सांगा, घेण्यासारखी आहे का ती?" आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला असं विचारलं की काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. व्याख्यान होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केलेला खेळ. १९७४ साली तो बाजारात आला, तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, बस्स. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, "समोर अंधारी गुहा आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय." भिडू सांगतात आपण काय करणार ते. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. पट लागतोच असं नाही. खेळ बोलण्यात घडतो.

आज मात्र हे टेबल बऱ्याचदा पडद्यावर असतं. आमच्याच गटात नातू आणि त्याचा मित्र पुण्यात, एक मुलगी बंगळुरूला, माझी नात टोरांटोत. आणि गेल्या दिवाळीपासून मीही, जखमा बऱ्या करणाऱ्या पुजाऱ्याच्या भूमिकेत. या मंडळींना एकत्र आणणारी साधनं बरीच आहेत. 'रोल ट्वेंटी' २०१२ पासून आहे, साध्या वापराला फुकट. 'फाउंड्री' २०२० साली आलं. त्याचे एकदाच पन्नास डॉलर, तेही फक्त सूत्रधाराने भरायचे. बाकीचे नुसत्या ब्राउझरमधून येतात. 'डी अँड डी बियॉन्ड'ची वरच्या दर्जाची वर्गणी वर्षाला साधारण पंचावन्न डॉलर, म्हणजे चार-पाच हजार रुपये. त्यात पुस्तकं येत नाहीत बरं का. ती वेगळी विकत घ्यायची. वर्गणीमुळे ती गटातल्या इतरांना वापरता येतात.

मग हे घ्यावं का? इथे मला बर्नार्ड सूट्स आठवतो. 'द ग्रासहॉपर' या १९७८च्या पुस्तकात त्याने खेळाची व्याख्या केली. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारून ते ओलांडायचा प्रयत्न करणं. आपला हुतूतू घ्या. पलीकडच्या भिडूला शिवून यायचं तर दम कशाला कोंडायचा? श्वास घेत जावं की आरामात! पण दम काढून टाकला की हुतूतूच उरत नाही. म्हणजे तो अडथळा हाच खेळ आहे. उद्या कोणी प्राणवायूची नळी विकायला आला आणि म्हणाला, "आता दम लागणार नाही," तर आपण हसू.

पण प्रत्येक अडचण काही 'दम' नसते. मैदानात खडे असतील तर ते वेचून टाकावेत, त्याने हुतूतूचं काही बिघडत नाही. तेव्हा पैसे घेणाऱ्या प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायचा: बाबा रे, तू खडे वेचतोयस की दम काढून घेतोयस?

आता एकेक बघू. पहिली, आकडेमोड. तलवारीचा वार करायचा तर फाशावरच्या आकड्यात ताकदीचा आकडा मिळवा, सरावाचा मिळवा, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याला पोचते का ते पाहा. अ‍ॅप हे एका टिचकीत करतं. मी म्हणणार होतो, एवढी बेरीज येत नाही का पोरांना? पण माझा मोतीबिंदू आडवा आला. पुजाऱ्याच्या मंत्रांची यादी बारीक अक्षरात पानंच्या पानं असते. पडद्यावर मी अक्षर मोठं करतो आणि खेळतो. कागदावर मला खेळताच आलं नसतं. तेव्हा खडा कोणता आणि दम कोणता, हे थोडंफार माणसागणिक बदलतं, हे मला मान्य करावं लागलं.

पण याची दुसरी बाजूही पाहिली. एका शनिवारी वीज गेली आणि आम्ही फोनवर, कागद-पेन्सिलीने खेळायचं ठरवलं. दोन वर्षं खेळणाऱ्या मुलाला स्वतःचा वार कसा मोजायचा ते सांगता येईना. नियम त्याला कधी माहीतच झाला नव्हता, माहीत होतं ते बटण. नियम माहीत नसलेला माणूस नियम वाकवण्याबद्दल सूत्रधाराशी भांडू शकत नाही. आणि ते भांडण, मंडळी, या खेळातली मोठी मजा आहे.

दुसरी गोष्ट नकाशा. इथे माझी तक्रार जास्त गंभीर आहे. ही साधनं सुंदर नकाशे दाखवतात. कोणाला कुठवर दिसतं, मशालीचा उजेड कुठवर पडतो, सगळं आपोआप. पण फोनवर खेळलो त्या दिवशी नातीने विचारलं, "खोलीत पडदे आहेत का?" सूत्रधार क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आहेत." तिने पडदा ओढून शत्रूच्या डोक्यावर टाकला. पुढच्या आठवड्यात पडद्यावरच्या नकाशात तसलीच खोली होती, पण कोणी काही विचारलं नाही. चित्रात जे आहे ते आहे, नाही ते नाही. न विचारलेला तो प्रश्न म्हणजे या खेळाचा दम. तो कोणी हिसकावून घेत नाही. चित्र इतकं चांगलं असतं की आपणच तो सोडून देतो.

तिसरी गोष्ट मालकीची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'डी अँड डी बियॉन्ड'ने जाहीर केलं की नवी नियमावली आली की लोकांच्या पात्रांच्या पानांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू बदलून नव्या येतील. ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. त्याआधी २०२३ च्या जानेवारीत परवान्याच्या नव्या मसुद्यावरून लोकांनी धडाधड वर्गण्या रद्द केल्या. कंपनीने मसुदा सोडला आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला केला. दोन्ही वेळा लोक जिंकले. पण माझ्या कपाटातलं पुस्तक रात्रीतून बदलू नये म्हणून मला कधी आंदोलन करावं लागलेलं नाही. तेव्हा दुसरा प्रश्न हा: पैसे भरणं थांबवलं तर हातात काय उरतं?

मग नातवाला काय सांगितलं? आधी तीन महिने फुकटात खेळा. नियम फुकट मिळतात, फासे स्वस्त आहेत. टेबल एकाच गावात असेल तर वर्गणी नको. तुमच्यासारखं विखुरलेलं असेल तर एकदाच पैसे भरायचं साधन सूत्रधाराने घ्यावं, आणि मुख्य पुस्तक छापील घ्यावं. वर्षाची वर्गणी तेव्हाच, जेव्हा चार-पाच जण एकाची पुस्तकं खरोखर वापरणार असतील. आणि महिन्यातला एक शनिवार नकाशा बंद.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे वर्गणी नाही." मी म्हटलं, नाही. पन्नास डॉलर एकदाच देतो आणि छापील पुस्तकही देतो. तो जरा हिरमुसला, पण महिन्यातल्या त्या एका शनिवारवर इतरांचं मत घेतो म्हणाला. नातीने लगेच होकार कळवला. बंगळुरूच्या मुलीचा मात्र विरोध आहे. ती म्हणते, नकाशा नसला की कोण कुठे उभं आहे ते मला डोक्यात धरताच येत नाही. तिचा खडा तो माझा दम. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.