भाड्याचा बाप, मानलेला भाऊ

भाऊबीजेच्या संध्याकाळी ज्या घरात भाऊ नाही, त्या घरातली मुलगी काय करते? ती तबकात निरांजन लावते, अंगणात येते आणि पश्चिमेकडे क्षणभर दिसणाऱ्या चंद्राच्या कोरीला ओवाळते. माझ्या आईला भाऊ नव्हता. चंद्राला ओवाळून आत आल्यावर ती उगाचच काहीतरी काम काढून बसे, एवढे मला आठवते. तबकात ओवाळणी पडलेली नसे. पण आपण ज्याला ओवाळले तो चंद्र आहे, आपला भाऊ नव्हे, हे तिला ठाऊक होते. फसवणूक कोणाचीच झालेली नव्हती.

ही आठवण जागी व्हायला कारण झाले दोन चित्रपट. पहिला जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांचा ‘फॅमिली रोमान्स, एलएलसी’ (२०१९) आणि दुसरा हिकारी या जपानी दिग्दर्शिकेचा ‘रेंटल फॅमिली’ (२०२५). शहरात शिकणाऱ्या भाच्याने सुटीत घरी आल्यावर ते मला लागोपाठ दाखवले. मी मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. चित्रपटकलेची परिभाषा मला येत नाही. परंतु गोष्टी लिहिण्यात आणि मुलांना सांगण्यात आयुष्य गेले. तेव्हा गोष्टीतली माणसे एकमेकांशी कशी वागतात, एवढ्याच मापाने हे दोन्ही चित्रपट मोजण्याचा माझा विचार आहे.

दोहोंचा विषय एकच. जपानात अशा कंपन्या आहेत की ज्या ठरलेल्या शुल्कात माणूस पुरवतात. लग्नात उभा राहायला बाप, जेवणाच्या टेबलावर बसायला बायको, शाळेच्या मुलाखतीला पालक, रडायला मित्र. हे ऐकून प्रथम हसू येते. पण जरा थांबावे. जपानच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के घरे एकेकट्या माणसाची निघाली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने एकाकीपणाचा प्रश्न हाताळण्यासाठी एका मंत्र्याची नेमणूक केली. आणि तिथला घटस्फोटाचा कायदा असा होता की, फारकत झाल्यावर मुलाचे कायदेशीर पालकत्व आईबापांपैकी एकाकडेच जाई. २०२४ साली जपानच्या संसदेने तो बदलला. परंतु तोवर कित्येक पिढ्यांत दुसरा पालक मुलाच्या आयुष्यातून जवळजवळ पुसला जात होता. जिथे बापाची जागा अशी रिकामी राहते आणि ‘लोक काय म्हणतील’ हे भय मात्र शाबूत असते, तिथे ती जागा भरून देणारा धंदा निघाला तर नवल नाही. हे भय आपल्याला काही परके नाही.

हेर्झोग यांचा चित्रपट टोकियोतल्या योयोगी उद्यानात सुरू होतो. चेरीला बहर आलेला आहे. महिरो नावाची बारा वर्षांची मुलगी एका माणसाला भेटते आणि तो सांगतो, ‘मी तुझा बाप.’ लहानपणीच निघून गेलेला बाप परत आला असे तिला वाटते. प्रत्यक्षात तिच्या आईने त्याला पैसे देऊन बोलावलेले आहे. या माणसाचे काम युइची इशी यांनी केले आहे, आणि मौज अशी की खऱ्या आयुष्यातही ते अशीच कंपनी चालवणारे गृहस्थ. चित्रपटाला नावही त्याच कंपनीचे. हेर्झोग यांनी कॅमेरा स्वतः हाती धरला आहे. त्यामुळे चित्रण कुठे कुठे हौशी वाटते, परंतु शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकावल्याचा संकोचही त्यातूनच येतो.

मुख्य कथेच्या आजूबाजूला छोटे प्रसंग आहेत. मुलीच्या लग्नात दारुडा बाप नको म्हणून त्याच्या जागी भाड्याचा बाप उभा राहतो. गाडी वीसेक सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वेचा एक कर्मचारी साहेबाची बोलणी खायला दुसरा माणूस भाड्याने आणतो. एका हॉटेलात स्वागताला यंत्रमानव आहेत आणि काचेच्या टाकीत मासेसुद्धा यंत्राचे आहेत. हा शेवटचा प्रसंग मला जरा ओढूनताणून आणलेला वाटला. माणसाचे नाते खोटे झाले हे दाखवायला मासाही खोटा दाखवायची गरज नव्हती. चांगल्या कथालेखकाने तो खोडला असता.

परंतु शेवट पाहिला आणि हे सारे विसरलो. महिरोचा जीव या बापावर जडतो. आईलाही वाटते, त्याने इथेच राहावे. धंद्याचा नियम असा की कोणावर माया करायची नाही आणि करूही द्यायची नाही. मग आता या बापाला मारावे कसे, याचा विचार सुरू होतो. इशी अंत्यविधीच्या दुकानात जाऊन शवपेटीत निजून पाहतो. आणि अगदी शेवटी तो स्वतःच्या घराच्या दारापाशी येतो. दाराच्या धुरकट काचेमागे मुलाची आकृती हलते आहे. तो आत जात नाही. बाहेर बसून राहतो. दिवसभर दुसऱ्यांचा बाप होऊन आलेल्या माणसाला स्वतःच्या घरात बाप होऊन शिरवेना! एवढ्या एका चित्रासाठी हा चित्रपट पाहावा.

याच धंद्याची एक उपकथा चित्रपटाबाहेर घडली. ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाने २०१८ साली या विषयावर मोठा लेख छापला आणि त्याला मानाचा पुरस्कार मिळाला. पुढे चौकशीत असे निघाले की, लेखात ज्यांनी आपली कहाणी सांगितली त्यांपैकी काहींनी स्वतःविषयी खोटे सांगितले होते. साप्ताहिकाने २०२१ साली पुरस्कार परत केला. खोट्या नात्यांची साक्ष द्यायला आलेले साक्षीदारही पुरते खरे नव्हते! ज्या व्यवहाराच्या मुळाशी खोटे आहे, तिथे ते खोटे गिऱ्हाइकाच्या दारापाशी थांबत नाही, हा धडा कोणत्याही चित्रपटापेक्षा स्पष्ट आहे.

हिकारी यांचा ‘रेंटल फॅमिली’ अधिक मवाळ, अधिक घरगुती. ब्रेंडन फ्रेझर या नटाने टोकियोत काम शोधणाऱ्या एका अमेरिकन नटाची भूमिका केली आहे. तो अशाच कंपनीत लागतो. मिया नावाच्या मुलीला शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तो तिचा बाप होतो. इथेही आईला सत्य ठाऊक आहे आणि मुलीला नाही. चित्रपट डोळ्यांत पाणी आणतो, पण ते पाणी थोडे स्वस्त आहे. फ्रेझरचा चेहरा इतका भला आहे की त्याने केलेली फसवणूक आपण ताबडतोब माफ करतो. मुलगी माफ करील की नाही, हा प्रश्न मात्र मला छळत राहिला आणि चित्रपटाने तो लवकर मिटवला.

या चित्रपटातला दुसरा धागा सरस आहे. एका वृद्ध नटाची मुलगी या माणसाला पत्रकार म्हणून भाड्याने आणते. हेतू हा की, आपल्याला कोणीतरी अजून विचारते आहे असे वडिलांना वाटावे. म्हाताऱ्याची स्मृती सरत चालली आहे आणि त्याला आपले जुने घर पाहायचे आहे. करारात ते नाही, मुलीची परवानगीही नाही. तरी हा त्याला घेऊन जातो. पैशाने ठरलेले काम संपले आणि कोणी न सांगितलेले काम सुरू झाले, तिथे मला पहिल्यांदा नाते दिसले.

आता माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझा निर्णय कसा झाला हे कळणार नाही. तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील वेगळे झाले होते. आई कामावर जाई. पालकसभेला दर वेळी शेजारचे एक गृहस्थ येत आणि प्रगतिपुस्तकावर सही करीत. मी शिस्तीचा माणूस. एकदा भर वर्गात विचारले, ‘काय रे, हे तुझे वडील का?’ मुलगा म्हणाला, ‘हो गुरुजी.’ ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘नाही गुरुजी, मी शेजारी. ह्याच्याकडून दुसरं कोणी येत नाही, म्हणून मी येतो.’ मुलाने मान खाली घातली. वर्ग हसला. तो प्रश्न मी विचारायला नको होता, हे मला तेव्हाच कळले आणि आज इतक्या वर्षांनीही ते बोचते.

मुलगा खोटे बोलला का? बोलला. पण त्या खोट्याचा मालक तो स्वतः होता. शेजारी कोण हे त्याला माहीत होते; त्याला बाप मानायचे त्याने ठरवले होते. ‘मानलेला भाऊ’, ‘मानलेली बहीण’ हे आपल्या भाषेतले शब्द केवढे नेमके आहेत! मानणाऱ्याला ठाऊक असते की रक्त वेगळे आहे, आणि ठाऊक असूनच तो मानतो. महिरोला आणि मियाला मानण्याची संधीच मिळाली नाही. त्यांना नुसते सांगण्यात आले.

म्हणून या चित्रपटांवरून ‘पैशाने माया मिळत नाही’ असे सुभाषित काढून कोणी मोकळे होऊ नये. भाऊबीजेच्या तबकात पैसा पडतोच, आणि हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी काढून परक्या बहिणींच्या शिक्षणासाठी ओवाळणी मागितली तेव्हा तिने नाते विटवले नाही, वाढवले. आज आपल्याकडेही परगावी राहणारी मुले म्हाताऱ्या आईवडिलांपाशी पगारी माणूस ठेवतात. त्या पगारी बाईने आजींचा हात धरला तर तो धरलेला हात खोटा ठरत नाही. आजींना ठाऊक असते ती कोण आहे. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ ज्यांनी पाहिले, त्यांना रिकाम्या घरातली संध्याकाळ काय असते हे सांगायला नको.

पैसा देऊन सोबत घ्यावी लागली तर घ्यावी. त्यात लाज नाही. लाज आहे ती लहान मुलाला न सांगता त्याच्यासमोर बाप उभा करण्यात. हेर्झोग यांनी ती लाज त्या माणसाला दाराबाहेर बसवून दाखवली, म्हणून त्यांचा ओबडधोबड चित्रपट मला मोठा वाटतो. हिकारी यांनी ती हळुवारपणे पुसून टाकली, म्हणून त्यांचा देखणा चित्रपट मला थोडा कमी वाटतो.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागल्या भाऊबीजेला रस्त्यात भेटला, हातात मिठाईचा पुडा होता. मी विचारले, ‘कुणाकडे?’ म्हणाला, ‘शेजारच्या काकांकडे. त्यांच्या मुलीने ओवाळायला बोलावलंय.’ मी पुढे काही विचारले नाही.