सालीवरचा अर्ज आणि भूमीची सनद

सरकारदरबारीं केलेला अर्ज हा समीक्षेचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. उत्तर ऑस्ट्रेलियांतील आर्नहेम लँडच्या योल्ङू लोकांनीं १९६३ सालीं कॅनबेराच्या पार्लमेंटकडे धाडलेले दोन अर्ज पाहिल्यावर ती उरणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

योल्ङूंच्या राखीव प्रदेशांतून बॉक्साइटच्या खाणीसाठीं ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक भूमि सरकारनें वगळली. तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यांस कोणी विचारलें नाहीं. तेव्हां यिरकाला येथील पुढाऱ्यांनीं आपलें गाऱ्हाणें स्वभाषेंत आणि इंग्रजींत कागदावर उतरविलें, तो कागद झाडाच्या सालीवर चिकटविला आणि त्याच्या भोंवतीं आपल्या कुळांचीं चित्रें रंगविलीं.

मजकूर नम्र आहे. ही भूमि आमच्या उपजीविकेची आहे, तींत पवित्र स्थळें आहेत, निर्णयापूर्वीं आमचें म्हणणें ऐकावें, एवढीच मागणी. परंतु अर्ज करणें म्हणजे समोरच्याची सत्ता आधींच मान्य करणें. स्वतःस भूमीचा धनी म्हणविणाऱ्यानें अर्ज करावा, ही विसंगति नव्हे काय?

तिची उकल चौकटींत आहे. हीं चित्रें शोभेची वेलबुट्टी नव्हेत. योल्ङूंमध्यें अमुक नक्षी रंगविण्याचा अधिकार अमुक कुळासच असतो; ती त्याच्या भूमीची आणि पूर्वजकथेची खूण होय. एका अर्जाची चौकट दुवा शाखेची, दुसऱ्याची यिरित्जा शाखेची. या दोहोंत तो सारा समाज येतो. मधला कागद विनंति करतो, आणि चौकट सनद वाचून दाखविते. आपल्या जुन्या पत्रांतही मजकूर कितीही विनयाचा असला, तरी त्याचा अधिकार मुद्रेवरून ठरे.

पार्लमेंटनें कागद वाचला, चौकट वाचली नाहीं. समिति नेमली गेली. खाण मात्र थांबली नाहीं. १९७१ सालीं न्या. ब्लॅकबर्न यांनीं योल्ङूंची कायदेपद्धति सुव्यवस्थित असल्याचें मान्य करूनही तिच्यांतून निघणारा भूमिहक्क नाकारला. नॉर्दर्न टेरिटरीसाठीं १९७६ सालीं झालेला भूमिहक्क कायदा आणि १९९२ चा माबो निकाल यांनीं त्या अन्यायाचें बरेंच परिमार्जन केलें. तथापि माबो निकालांत उच्चतम न्यायालयानें राजसत्तेच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न आपल्या विचारकक्षेबाहेरच ठेवला. पार्लमेंटपुढें मूळ रहिवाशांचा आवाज घटनेनें कायम करावा, ही सूचनाही २०२३ सालीं सुमारें ६० टक्के मतदारांनीं फेटाळली.

कृतीचा दोषच सांगावयाचा तर हा, कीं ज्यास चौकटीची लिपि येत नाहीं, त्यास ती वेलबुट्टीच दिसते. पण हा दोष चित्रकाराचा कीं वाचकाचा? आमच्या मतें वाचकाचा. भूमि परत देणें आणि ती मुळांत कोणाची होती हें मान्य करणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कायद्यानें साधते. दुसरीसाठीं मात्र तें साल पुन्हां हातीं घेऊन, या खेपेस कडेपासून वाचावें लागेल.