तानिस येथील स्फिंक्समूर्तींचा कर्ता कोण ?

इजिप्तमध्यें नाईलच्या मुखप्रदेशांत तानिस नगराचे अवशेष आहेत. तेथें इ. स. १८६० नंतर ओगूस्त मारिएट या फ्रेंच संशोधकास करड्या ग्रॅनाइटच्या कांहीं स्फिंक्समूर्ति सांपडल्या. आपल्या नरसिंहाच्या उलट, यांचें मुख मनुष्याचें व देह सिंहाचा. मुखाभोंवतीं नेहमींच्या राजवस्त्राऐवजीं दाट आयाळ आहे, गालांचीं हाडें वर आलेलीं आहेत, मुद्रा कठोर आहे. खांद्यावर अपेपी या हिक्सॉस राजाचें नांव अस्पष्ट दिसतें. एवढ्यावरून मारिएटनें ठरविलें कीं, मूर्ति परकीय हिक्सॉसांच्या व चर्या त्यांच्या वंशाची. मंझाला सरोवराकांठच्या कोळ्यांतहि त्यास तीच चर्या दिसूं लागली !

आमच्या मतें येथें परीक्षेचा क्रमच चुकला. त्याच मूर्तींवर दुसरा रामसेस, मेर्नेप्ताह व पहिला प्सुसेन्नेस यांचींहि नांवें आहेत. त्यांतील जुनें नांव तेंच कर्त्याचें, यास आधार काय ? पोथीवर चार धन्यांचीं नांवें असलीं, तर पहिला धनी हाच लेखक असें कोणी जाणता मानीत नाहीं; तो अक्षराचें वळण पाहतो. मानेथोच्या नांवावर चालत आलेल्या वृत्तांतांत हिक्सॉस हे देवळें पाडणारे क्रूर आक्रमक आहेत. कठोर मुद्रा ती परक्याचीच, हा ग्रह तेथूनच आला असावा असें आम्हांस वाटतें.

वळण पाहण्याचें काम इ. स. १८९३ मध्यें व्लादिमिर गोलेनिश्चेव या रशियन पंडितानें केलें. सेंट पीटर्सबर्ग येथें बाराव्या राजवंशांतील तिसऱ्या अमेनेमहाताची नामांकित आसनस्थ मूर्ति आहे. तिच्या मुखाशीं त्यानें हीं मुखें ताडून पाहिलीं. गालांचा उठाव, तोंडाची ठेवण, सर्व जुळलें. म्हणजे ज्यास परकी म्हटलें तो अस्सल इजिप्ती राजा, आणि अपेपीहून दोन शतकांपेक्षां अधिक जुना. अपेपीनें केवळ आपलें नांव कोरविलें, आणि पुढच्यांनीं त्याचाच कित्ता गिरविला.

नांवानें फसण्याचा प्रकार तेथेंच थांबला नाहीं. तानिसांत रामसेसाचे लेख विपुल पाहून पिएर मोंते यानें तानिस म्हणजेच त्याची राजधानी पी-रामसेस, असें प्रतिपादिलें. वस्तुतः ती राजधानी कांतीर येथें, हिक्सॉसांच्या अवारिसाजवळ होती. एकविसाव्या राजवंशाच्या काळीं तेथील शिळा व मूर्ति उचलून तानिसास नेल्या गेल्या. त्यांवरील लेख खरे होते. जागा मात्र त्यांची नव्हती.