खाडीपलीकडचे शेजारी

शीवच्या टेकडीवरचा किल्ला आकाराने लहान आहे, पण त्याचा सगळा इतिहास शेजाऱ्यांमुळे घडलेला आहे. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड अंजियर याच्या काळात, १६६९ ते १६७७ या वर्षांत तो बांधला गेला, तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी जवळच धारावीत आणखी एक किल्ला उभारला, तोच काळा किल्ला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं जिंकलं तेव्हा कुठे ही सरहद्द पुसली गेली. मधली शंभर वर्षं कुणाची होडी अडवायची, कुणाकडून जकात घ्यायची, कुणाला रात्री काठावर उतरू द्यायचं, हे रोजचे प्रश्न होते. खाजणाच्या कडेला कोळी होतेच. त्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठल्याच राजाला विचारावं लागत नव्हतं. फँटसी टेबलटॉप खेळाची मोहीम रचणाऱ्या गेम मास्टरने अभ्यासावी अशी ही जागा आहे. आजच्या मोहीम-रचनेत नकाशे, राक्षस आणि कथानकं उदंड आहेत. कच्चा राहतो तो शेजारी. पलीकडच्या काठावर राहणाऱ्याला काय हवं आहे, याचं उत्तर ज्या मोहिमेत नाही, ती कितीही सजवली तरी दोन-तीन बैठकांत सुकते, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो; उरलेलं सगळं जग गेम मास्टर चालवतो; जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा पडतो. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालली की तिला मोहीम म्हणायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून या प्रकाराला पुस्तकी रूप दिलं. नियमांची पुस्तकं तेव्हापासून वाढत गेली, पण मोहीम कशी रचावी या प्रश्नावर एकमत झालं नाही, आणि त्या वादातच या कलेचा खरा इतिहास आहे.

गायगॅक्सचं १९७९ चं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे नवशिक्यांच्या संचातून हजारो घरांत पोचलेलं साहस घ्या. सरहद्दीवर एक गड, बाहेर रान, रानात गुहा, गुहांत टोळ्या. शीवच्या किल्ल्याची आठवण यावी अशीच मांडणी. पण गडातल्या माणसांना पुस्तकात नावंच नाहीत. किल्लेदार आहे, लोहार आहे, सावकार आहे, नावं गेम मास्टरने द्यायची. गुहांतल्या टोळ्यांचं आपापसात वैर आहे आणि चतुर खेळाडू त्यांना एकमेकांविरुद्ध लढवू शकतात, हे पुस्तक स्वतःच सुचवतं, आणि ही त्यातली सर्वांत सुपीक कल्पना आहे. त्याच गुहांत टोळ्यांची बायकामुलंही राहतात. त्यांचं काय करायचं, या टोळ्या इथे कधीपासून आहेत, गडाशी त्यांचा काही व्यवहार होता का, यावर पुस्तक गप्प आहे. गड म्हणजे आपण आणि गुहा म्हणजे लूट, एवढ्यावर ते थांबतं. रचनेचं बी उत्तम, पण एकाच काठावर पेरलेलं.

पुढची वळणं झपाट्याने सांगता येतील. १९८४ पासून आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या मालिकेने कादंबरीसारखं भव्य कथानक दिलं, पण त्यासाठी खेळाडूंना तयार नायक दिले आणि पुढच्या भागात लागणारा खलनायक मेलाच तर त्याचं प्रेत सापडू नये अशी सोय सुचवली. इथे खेळाडूच्या निर्णयाची किंमत कथानकाने वसूल केली. २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने उलटं टोक गाठलं: गोष्ट आधी ठरवू नका, धोके तयार ठेवा आणि कुणी अडवलं नाही तर प्रत्येक धोका कसा पायरी-पायरीने वाढेल ते घड्याळासारखं मांडून ठेवा. मोहीम-रचनेतला गेल्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत उपयोगी विचार आहे असं मला वाटतं. मग २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाने खेळ प्रेक्षकांसमोर आणला. त्याने या छंदाला माणसं मिळवून दिली, हे मान्यच करायला हवं. पण व्यावसायिक आवाज-कलाकारांचा खेळ पाहून शिकणारा नवा गेम मास्टर आवाज बदलण्याला कला समजू लागतो. किल्लेदाराचा घोगरा आवाज पहिल्या बैठकीत टाळ्या घेईल. चौथ्या बैठकीत मात्र त्या किल्लेदाराला काय हवं आहे हेच कामाला येईल.

पात्राला काय हवं आहे त्यावरून खेळ चालवण्याचं हे तंत्र आपल्याकडे परकं नाही. सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातला दशावतार नेमका याच पायावर उभा आहे. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा मंडळांचा नाट्यप्रयोग छापील संहितेवर चालत नाही. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, रंगपटात भूमिका वाटल्या जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो आणि संवाद नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतात. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसांबरोबर हा खेळ लालबाग-परळलाही आला. सोशल सर्व्हिस लीगचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह अशा लोककलांचं मुंबईतलं घर होतं. रात्रभर न अडखळता बोलणाऱ्या या नटाची तयारी कशाची असते? वाक्यांची नसते. आपलं पात्र कुणाचा मुलगा, कुणाचा ऋणी, कुठल्या प्रतिज्ञेने बांधलेलं, समोरच्याकडून त्याला काय मिळवायचं आहे, हे त्याच्या जिभेवर असतं. म्हणून प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तरी उत्तर पात्राच्या हितसंबंधातून येतं. गेम मास्टरला हेच करायचं असतं, फरक इतकाच की त्याच्या रंगमंचावर एकाच वेळी वीस पात्रं त्याच्याच तोंडून बोलणार असतात.

यावर रास्त आक्षेप असा की दशावतारात शेवट ठरलेला असतो. देव जिंकणार, असुर मरणार. मग मोकळ्या खेळाशी त्याची तुलना कशी? आक्षेप अर्धा खरा आहे. दशावतार जत्रेतला, देवाच्या अंगणातला खेळ आहे आणि त्याचा शेवट त्या नात्यातून येतो. टेबलावर ती बांधिलकी नाही, तिथे फासा आहे आणि पराभव खराच होतो. तेव्हा दशावताराकडून तयारीची रीत घ्यावी, शेवट घेऊ नये. दुसरा आक्षेप अनुभवी गेम मास्टरांचा: कथानक नसेल तर खेळ भरकटतो, खेळाडू गावात हिंडत बसतात. भरकटतो, हे खरं. पण त्याचं कारण बहुधा कथानकाचा अभाव हे नसतं. खेळाडू बसून राहिले तरी जगात काहीच घडत नाही, हे असतं. शेजारी स्वस्थ बसला की खेळाडूही स्वस्थ बसतात.

शीवच्या भूगोलावरून, नावं बदलून, एक मोहीम रचायची म्हटलं तर काय हाती लागतं ते पाहू. किल्लेदाराच्या शिपायांचा पगार थकलेला आहे, आणि थकलेल्या पगाराचे शिपाई जकात स्वतःसाठी घेऊ लागतात. पलीकडचा सरदार खाडीच्या तोंडावर होड्या अडवतो. पोर्तुगीज ठाण्याला आणि करंजाला मुंबईच्या मालावर जकात घेत, तो झगडा इथे सरळ वापरता येतो. पावसाळ्यात बंदरात आसरा घेणारं एक आरमार आहे, ज्याला हाकलताही येत नाही आणि घरात घेताही येत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार असंच मुंबईत पावसाळा काढत असे आणि १६८९ मध्ये त्याच सिद्दीने शिवडीला उतरून माहीमपर्यंत मुलूख घेतला. आणि कोळीवाडा आहे, जिथे डोल जाळ्याचा खुंट कुणी कुठे रोवायचा हा हक्क पिढ्यांचा आहे. अद्भुत भाग खाडीतच ठेवावा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाजणातून बुडालेल्या नगरीची वाट उघडते, भांगाला ती बंद होते. भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे हे घड्याळ खेळाडूही मोजू शकतात. गेम मास्टरने काही लपवलं नाही तरी ताण वाढत जातो, कारण वाट कधी उघडणार हे किल्लेदारालाही कळतं आणि आरमारालाही. आता यातल्या प्रत्येकाला काय हवं, तो कुणाच्या उपकाराखाली आहे आणि कुणी अडवलं नाही तर येत्या उधाणापर्यंत तो काय करील, एवढं लिहिलं की महिनाभराचा खेळ तयार होतो. बुडालेल्या नगरीतल्यांनाही हेच प्रश्न विचारायचे. विशेषतः त्यांना विचारायचे.

इतक्या जकाती आणि पगार आले की अद्भुतरस उरतो कुठे, असं कुणी म्हणेल. मराठी वाचकाला १८६१ च्या ‘मुक्तामाले’पासून नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत अद्भुतरम्य कथेचं वेड आहे, आणि त्या वेडाचा मान राखलाच पाहिजे. पण आपल्या पुराणांत अद्भुत कधी फुकट येत नाही. हिरण्यकशिपूला वर मिळतो तो अटींसह: दिवसा नाही, रात्री नाही, आत नाही, बाहेर नाही. नरसिंह त्या अटी मोडत नाही, त्यांच्यामधली फट शोधतो, संध्याकाळ आणि उंबरठा. मोहिमेतल्या जादूला अशी स्पष्ट, उघड अट असावी आणि फट शोधण्याचं काम खेळाडूंवर सोडावं. फट कोणती हे गेम मास्टरने आधी ठरवलंच पाहिजे असं नाही. खेळाडूंनी त्याला न सुचलेली फट काढली तर ती मान्य करण्याइतकं मन मोठं हवं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. कोळ्यांची वस्ती, त्यांचे देव, त्यांची खाडी ही जिवंत माणसांची आहे. ती खेळाचं साहित्य कशी करायची? या छंदाचा पूर्वेतिहास इथे चांगला नाही. १९८० च्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये भारतीय देवतांनाही हिट पॉइंट देऊन लढाईची आकडेवारी जोडली होती. पूजेतल्या दैवताला किती घाव लागले की ते पडेल, हे मोजणं ही मला अभिरुचीइतकीच विचाराचीही चूक वाटते, कारण त्यात देव हा कुणाचा तरी आहे हेच विसरलं जातं. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या १३ साहसांच्या संग्रहात मिमी मोंडल यांनी बंगालच्या छायेतला शंखभूमी हा मुलूख रचला. आपल्या भूमीवरून रचना करणाऱ्याला अशी वाट काढता येते. माझ्या मते एकवीरा टेबलावर आणू नये; खाडीचे हक्क, उधाण, जकात, परतफेड ही यंत्रणा आणावी आणि देव नव्याने कल्पावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोळी पात्राला नायकांना वाट दाखवून गायब होणारा वाटाड्या करू नये. त्याचा खुंट, त्याचं भांडण, त्याचा नकार गोष्टीला वळवू शकला पाहिजे. शीव कोळीवाड्याने फाळणीनंतर पंजाबी निर्वासित आलेले पाहिले, स्टेशनचं नाव गुरू तेगबहादूर नगर झालेलं पाहिलं, तळलेल्या कोळंबीला आपलं नाव जगभर गेलेलं पाहिलं. एवढा बदल पचवलेली वस्ती कुणाच्या गोष्टीतली नुसती पार्श्वभूमी होऊ शकत नाही.

दशावतार एका बाबतीत मात्र गेम मास्टरला मदत करत नाही. तिथे आख्यान पहाटे संपतं. मोहीम पुढच्या रविवारी तिथूनच सुरू होते. म्हणून गेम मास्टरचं सर्वांत दुर्लक्षित काम बैठक संपल्यावरचं आहे, आणि ते पुढचं कथानक लिहिण्याचं नाही. खेळाडूंनी जकातीच्या चौकीवर अडवलेली एक होडी सोडवली असेल, तर वहीत चार नोंदी होतात: होडीचा नाखवा आता त्यांचा ऋणी आहे, चौकीच्या नाईकाला वरिष्ठांना उत्तर द्यायचं आहे, होडीतलं मीठ उतरल्याने बाजारात भाव पडला आणि किल्लेदाराचा सावकार चिडला, आणि ज्या खुंटाला होडी बांधली तो दुसऱ्याच घराचा होता, त्या घरची म्हातारी सकाळी भांडायला येणार आहे. उधाणाला सहा दिवस उरले आहेत.