ग्रंथालयातला ‘सामाजिक’ : दृक्‌श्राव्य विभाग आणि रंजनाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. ‘वाचनालयात सिनेमे दाखवायचे, गाणी ऐकवायची, तर मग ते वाचनालय कसलं?’ आम्ही त्या दिवशी वेळ संपल्याचं निमित्त केलं आणि उत्तर टाळलं. खरं कारण वेगळं होतं. हाच प्रश्न पस्तीसेक वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका बैठकीत विचारला होता, आणि त्याच्या जोरावर एक चांगला चाललेला उपक्रम बंद पाडला होता. तेव्हा आज उत्तर देणं भाग आहे.

आपल्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडतात, आणि तो दुबळा करून मांडत नाहीत. तसंच करू. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागावर तीन आक्षेप आहेत. पहिला पैशाचा. अनुदान तुटपुंजं, त्यात पुस्तकं घ्यायची की पडदा आणि ध्वनिक्षेपक? दुसरा शांततेचा. गावात शांत बसायला एकच जागा उरली आहे, तिथेही कर्णा लावायचा का? तिसरा आक्षेप तत्त्वाचा. करमणूक सगळीकडे मिळते, वाचन मात्र इथेच मिळतं. म्हणून ग्रंथालयाने आपलं वेगळेपण सांभाळावं. जॉन स्टुअर्ट मिल सुखांमध्ये उच्च आणि हीन असा गुणभेद करतो, तो या तिसऱ्या आक्षेपाच्या पाठीशी उभा आहे. आम्ही त्या बैठकीत मिलच्याच नावाने बोललो होतो. वर्गात शिकवत होतो ना, तोंडात बसलेलं होतं.

आता उत्तरपक्षाकडे वळू, आणि सुरुवात एका खऱ्या ग्रंथालयापासून करू.

दिल्ली पब्लिक लायब्ररी २७ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. युनेस्को आणि भारत सरकार यांचा तो संयुक्त पथदर्शी प्रकल्प होता आणि उद्घाटनाला पंडित नेहरू होते. वर्गणी नाही, कपाटं उघडी, वाचकाने स्वतः पुस्तक काढून बघायचं. त्या काळी आपल्याकडे ही मोठीच गोष्ट होती, बरं का. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. देवघेव आणि बालविभाग यांच्या बरोबरीने तिथे सामाजिक शिक्षणाचा विभाग होता. चित्रपट दाखवणं, व्याख्यानं, चर्चा, संगीताचे आणि नाटकाचे गट, ही सगळी त्या विभागाची कामं. फ्रँक गार्डनर या इंग्रज ग्रंथपालाने पुढे या प्रकल्पाचं मूल्यमापन केलं आणि युनेस्कोने ते १९५७ साली प्रसिद्ध केलं.

हे का केलं असेल? उत्तर १९५१ च्या जनगणनेत आहे. देशातली साक्षरता तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे दार सताड उघडं ठेवलं, वर्गणी माफ केली, तरी शंभरातल्या ऐंशीहून अधिक माणसांना आत करण्यासारखं काही नव्हतं. कुलूप दाराला नव्हतंच, ते अक्षराला होतं. अशा देशात दृक्‌श्राव्य विभाग ही ग्रंथालयाची हौस म्हणता येत नाही. ‘सार्वजनिक’ हा शब्द खरा ठरवायचा तर दुसरा मार्गच नव्हता.

आणि हा विचार युनेस्कोकडून आयात झाला असं समजू नका. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय आठवा. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि एक खेळणं मागतात. कसलं, तर जे बघताही येईल आणि ऐकताही येईल असं. म्हणजे दृक्‌श्राव्यच! आणि का मागतात? वेद सगळ्यांना खुले नाहीत, म्हणून सर्व वर्णांना घेता येईल असा पाचवा वेद हवा, असं कारण तिथेच दिलं आहे. ग्रंथापासून ज्यांना दूर ठेवलं होतं त्यांच्यासाठी दृश्य आणि श्राव्य आलं. ज्याला आम्ही ‘हलकं’ म्हणत होतो, त्याची मागणी न्यायाची होती.

दुसरा एक शब्द बघा. संस्कृत काव्यशास्त्रात नाटकाच्या प्रेक्षकाला ‘सामाजिक’ म्हणतात. एकट्याने बघणारा तो सामाजिक नव्हे. अभिनवगुप्त तर म्हणतो की सगळ्या सामाजिकांची प्रतीती जेव्हा एकजीव होते तेव्हा रसाला पुष्टी मिळते. शेजारचा हसतो म्हणून आपलं हसू मोठं होतं, हा अनुभव तुम्हा सर्वांचा आहे. आपल्या कीर्तनकारांना हे पक्कं ठाऊक होतं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आणि दोन्हीला नाव काय दिलं, तर ‘रंग’. ‘मनोरंजन’ या शब्दातही तोच धातू आहे. रंजन म्हणजे रंगवणं. मनाला रंग चढला की नाही, हा प्रश्न. ते नुसतं गुंतलं की नाही, हा नव्हे.

इथे मात्र आम्ही या विभागाच्या समर्थकांवरही टीका करणार आहोत. बरेच ग्रंथपाल म्हणतात, ‘सिनेमा दाखवतो कारण त्या निमित्ताने लोक येतात आणि मग पुस्तकं नेतात.’ म्हणजे सिनेमा हे गळाला लावलेलं आमिष. हे समर्थन आम्हाला मान्य नाही. एक तर ते श्रोत्याला मासा समजतं. दुसरं, ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतं. कारण उद्या हिशोब निघाला आणि पुस्तकांची देवघेव वाढलेली दिसली नाही, की विभाग बंद करायला कारण मिळतं. अब्दुल करीम खाँची जुनी ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांची असते. ती लक्ष देऊन ऐकणं ही पुरी गोष्ट आहे. पुढे पुस्तक वाचलं तर उत्तम, नाही वाचलं तरी काही अर्धवट राहिलं असं नाही.

आता आमची गोष्ट. एका गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही होतो. तिथे दर शनिवारी संध्याकाळी तबकड्या आणि टेप ऐकवत. वीस-पंचवीस माणसं यायची. त्यांतला एक यंत्रमागावरचा कामगार, मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. सभासद नव्हता. आम्ही मिलचा दाखला दिला, ‘ग्रंथालय हे करमणुकीचं ठिकाण नव्हे’ असं वाक्य टाकलं, आणि ठराव मंजूर झाला. पुढे शिपायाकडून कळलं की कार्यक्रमानंतर तो माणूस थांबायचा आणि ऐकलेल्या गायकाबद्दल ग्रंथपालांकडून वाचून घ्यायचा. त्याला वाचता येत नव्हतं. शनिवार बंद झाला, त्याचं येणंही बंद झालं. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा तो माणूस. आणि आम्ही ठराव केला होता शांततेसाठी.

आणखी एक नुकसान झालं. त्या कपाटात गावात झालेल्या व्याख्यानांच्या आणि कीर्तनांच्या टेप होत्या. वापर थांबला, कपाट बंद झालं. चुंबकीय फितीला दमटपणा सोसत नाही, पावसाळ्यात बुरशी धरते. काही वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा बहुतेक फिती एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्यांत आमच्या गुरुजींचं एक व्याख्यान होतं. त्यांचा आवाज आता कुठेच नाही. त्यांची पुस्तकं आहेत, पण बोलताना ते कुठे थांबायचे ते पुस्तकात नाही.

म्हणून आज हे विभाग पाहताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. पहिला, एरवी जो आत येऊ शकला नसता असा कोणी आत आला का? दुसरा, आलेला माणूस नुसता बघ्या राहिला की सामाजिक झाला. म्हणजे नंतर बोलला का, भांडला का, स्वतः गायला का? दिल्लीत गट केले होते ते याचसाठी. आणि तिसरा, मागे काय उरलं? ध्वनिमुद्रण झालं का, त्याची नोंद झाली का, ते शोधलं तर सापडेल का?

या कसोट्यांवर आपल्याकडची स्थिती सांगायची तर, आम्ही पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी दृक्‌श्राव्य कक्ष म्हणजे उद्घाटनाची पाटी, भिंतीवरचा मोठा टीव्ही आणि किल्ली कोणाकडे आहे याचा शोध. जिथे कार्यक्रम होतात तिथे व्यासपीठावर सहा पाहुणे आणि सत्कार तासभर. दोष एकट्या ग्रंथपालांचा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर आपल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. त्यांत ग्रंथांची, नियतकालिकांची, सभासदांची संख्या मोजली जाते. मोजमापाला हे सगळं हवंच. पण मागच्या बाकावर भिंतीला टेकलेला माणूस यांतल्या कुठल्या रकान्यात बसतो, सांगा बघू?

‘आता सगळं फोनवर आहे, ग्रंथालय कशाला?’ असं कोणी म्हणेल. फोन आपल्याला आवडलेलंच पुन्हा पुढे करतो, आणि तेही एकट्याला. न मागितलेलं, पण ऐकण्याजोगं, चार माणसांत पुढे ठेवणं हे अजून कोणाचं तरी काम आहे. साधनंही फार लागत नाहीत. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे जुन्या तबकड्यांचा केवढा तरी ठेवा मोकळा आहे. एक चांगला ध्वनिक्षेपक, ठरलेला वार, दार लावून घेता येईल अशी खोली, आणि ऐकून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ एवढं विचारणारा माणूस. शांततेच्या आक्षेपाला खोलीचं दार पुरेसं आहे, आणि पैशाच्या आक्षेपाला ही यादी.

चिठ्ठी पाठवणाऱ्यांना आमचं उत्तर असं : ते वाचनालय राहील की नाही ते नावावर ठरत नाही. तिथे कोणाला बसायला जागा आहे यावर ठरतं. आम्ही एकाची जागा काढून घेतली होती. ती त्याला परत देता येत नाही. पण तुमच्यापैकी जे अशा मंडळांवर आहेत त्यांच्यापुढे कधीतरी तसाच ठराव येईल. तेव्हा हात वर करण्याआधी मागच्या बाकाकडे एकदा बघा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा; आज वेळ आहे.