फायपायमधील प्रावस्था-विलगनाचे उदाहरण : एक चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना : एकजीव मिश्रण आपोआप दोन प्रावस्थांत विभागले जाण्याच्या क्रियेचे गणिती वर्णन जॉन कान व जॉन हिलियर्ड यांनी १९५८ साली मांडले. बेळगावच्या फौंड्री व्यवसायामुळे मिश्रधातू हा विषय बेळगाव-निपाणी परिसरातील विद्यार्थ्यांना परका नाही. मात्र हे चौथ्या कोटीचे अरेषीय अवकल समीकरण सोडविण्यास बहुधा संगणकच लागतो. अमेरिकेतील 'निस्ट' संस्थेचे फायपाय हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी सोयीचे आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेतील द्विमितीय उदाहरणाचे परीक्षण येथे केले आहे.

गुण : समीकरण मोजक्या ओळींत लिहिता येते. काळाची पायरी आरंभी अगदी लहान ठेवून हळूहळू वाढविली आहे. विलगन प्रथम जलद व पुढे संथ होत असल्याने ही योजना योग्य वाटते.

मर्यादा : उदाहरणात १००० × १००० चौकटींची जाळी असून प्रत्येक चौकट ०.२५ एककाची आहे. दोन प्रावस्थांमधील संक्रमणपट्टा (१० ते ९० टक्के बदलाचा) सुमारे ४.४ एकक रुंद, म्हणजे साधारण १७ चौकटींचा असतो. दहा लाख चौकटी महाविद्यालयीन संगणकाला जड जातात. म्हणून तेवढ्याच क्षेत्रावर १०० × १०० चौकटी घेतल्या, तर पट्टा दोन चौकटींतही मावतो. चित्र तरीही उमटते, पण त्यावर विसंबता येत नाही. त्याऐवजी चौकट ०.२५ चीच ठेवून २०० × २०० ची जाळी घ्यावी. सर्वाधिक वेगाने वाढणारी तरंगलांबी सुमारे १२.६ एकक असल्याने ५० एककांच्या या क्षेत्रात जवळपास चार तरंग बसतात.

दुसरे असे की, प्रत्येक पायरीवर अरेषीय पदांची उकल एकदाच केली जाते, पुनरावृत्ती नाही. शिवाय रंगपट्टी ० ते १ अशी बांधलेली असल्याने मूल्य मर्यादेबाहेर गेले तरी चित्रावरून कळत नाही.

निष्कर्ष : प्रकल्पाला गुण देताना प्राध्यापकांनी चित्राबरोबर तीन पुरावे मागावेत : सरासरी संहती ०.५ च्या आसपास आरंभी होती तेवढीच राहिली का, एकूण मुक्त ऊर्जा कोठेही वाढली नाही ना, आणि चौकट व काळाची पायरी निम्मी केल्यावर उत्तर टिकले का. आयआयटी मुंबईचे प्रा. एम. पी. गुरुराजन यांचा एनपीटेलवरील अभ्यासक्रम येथे पूरक ठरेल. त्यात ऑक्टेव्हमध्ये आज्ञावली स्वतः लिहून पाहता येते. सॉफ्टवेअर उत्तर देते. ते तपासण्याची सवय मात्र वर्गातच लावावी लागते.